शेवटच्या कडव्यातलं नाव

"ताई, सप्रेम जयभीम. मी सेलूचा, वय २६. कॉलेजात असल्यापासून जुनी गाणी गोळा करतो. हार्ड डिस्कवर अकरा हजारांच्या वर गाणी आहेत, सगळी इकडून-तिकडून उतरवलेली. टेलिग्रामवर चॅनेल चालवतो, कुणाकडून एक रुपया घेत नाही. मागच्या महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या एका गायन पार्टीची नामांतराच्या काळातली कॅसेट पुण्याच्या दोन पोरांनी पुन्हा काढली. डाउनलोडला साडेतीनशे रुपये आणि सोबत एक पुस्तिका. मला ती मित्राकडून मिळाली, मी चॅनेलवर टाकली. चार दिवसांत दोन हजार जणांनी उतरवून घेतली. मग त्यातल्या एकाचा फोन आला. भांडला नाही. म्हणाला, आमच्या आतापर्यंत ४१ प्रती गेल्यात, तुम्ही काढून टाकाल का? मी अजून काढलेली नाही. बाबासाहेबांची गाणी समाजाची आहेत, त्यांना किंमत कशी लावता? गाणाऱ्यांना तेव्हाही काही मिळालं नव्हतं. आणि या दोघांनी असं काय केलं? कॅसेट लावली, कॉम्प्युटरवर घेतली. पण फोन आल्यापासून मन लागत नाही. माझं चुकलं का? मामांच्या माळ्यावर अजून गोणीभर कॅसेटी आहेत, त्या टाकायच्या का नाही तेही सांगा. – गाणीवेडा, सेलू"

भाऊ, जयभीम.

ती फाइल आज काढून टाका. वाचायचं बाकीचं नंतर वाचा, आधी ते करा, आणि झालं की त्या मुलाला फोन करून सांगा. आता का ते बोलू. तुम्ही विचारलेल्यातले निम्मे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना नुसतं "चोरी वाईट" म्हणून उत्तर होत नाही.

अंबाजोगाईला बसस्थानकाजवळ माझ्या वडिलांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. तुमच्या वयाच्या मुलांना हा धंदा माहीत नसेल. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, आम्ही डबल डेकवर कोरी कॅसेट भरून द्यायचो. यादीतली न विकत आणता येणारी, गावाकडच्या पार्ट्यांची गाणी तर आमच्याकडे तयारच असायची. एकीवरून दहा, दहांवरून शंभर. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसायचे आणि स्केचपेनने कॅसेटच्या कागदावर नावं लिहायचे. मूळ कॅसेटचा छापील कागद काही भरता येत नाही, म्हणून मी लिहायचे 'भीमगीते १', 'भीमगीते २'. अक्षर चांगलं होतं माझं.

मी आठवीत होते. एक दिवस दुपारी धोतर-टोपीतले एक गृहस्थ आले, खांद्याला शबनम. म्हणाले, "लेकी, भीमगीताची हाय का गं, ती पेटीवाली?" मी लावून दाखवली. ते उभ्याउभ्या ऐकत राहिले आणि पहिलं गाणं संपल्यावर म्हणाले, "ही मपलीच हाय." मला वाटलं, ते आपली आवडती म्हणतायत. मग त्यांनी सांगितलं की आवाज त्यांचा आहे, ढोलकी त्यांच्या भावाची. ज्यांनी कॅसेट काढली त्यांनी पार्टीला एकदाच काही रक्कम दिली आणि दोन प्रती दिल्या. एक वाजवून वाजवून तुटली, दुसरी मेहुण्यानं नेली. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "यावर मपलं नाव न्हाई?" एवढंच विचारलं. मग बारा रुपयांप्रमाणे दोन कॅसेटींचे चोवीस रुपये मोजले आणि गेले. मी ते पैसे घेतले. नको म्हणायचं सुचलंच नाही मला.

रात्री अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्यापासून नाव लिहीत जा." पण कुणाची नावं लिहिणार? मूळ कागद कधीच हरवले होते. त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नव्हतं, आणि ते मला आजही माहीत नाही. म्हणून मी हे तुम्हाला उपदेश म्हणून लिहीत नाही. तुम्ही आज जे करताय तेच आमच्या घराने पंधरा वर्षं केलं, त्यावर आमची शिक्षणं झाली.

तुमचं पत्र आल्यावर मी तो संच विकत घेतला. गाणी ऐकायच्या आधी पुस्तिका उघडली. तुम्ही ती पाहिली आहे का, मला शंका आहे, कारण तुमच्या चॅनेलवर फक्त गाणी गेली आणि वर नाव पडलं 'जुनी भीमगीते भाग १२'. पुस्तिकेत पार्टीतल्या सगळ्यांची नावं आहेत, झील धरणाऱ्यांचीसुद्धा. ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, कोणत्या गावात कुणाच्या घरी बसून भरली, टेपरेकॉर्डर कुणाचा आणला होता. प्रत्येक गाण्याखाली कवीचं नाव आहे. दोन गाण्यांखाली लिहिलंय, 'कवी कळू शकले नाहीत, ठाऊक असल्यास कळवावे.' शेवटच्या पानावर, विक्रीतला अर्धा वाटा तीन घरांना जातो, असं स्पष्ट छापलंय. ही पानं तयार करायला माणसाला जिंतूर-सेलूच्या किती फेऱ्या पडल्या असतील, ते तुम्ही तिथले असून मला विचारू नका.

"कॅसेट लावली, कॉम्प्युटरवर घेतली" हे वाक्य मात्र मागे घ्या. संभाजीनगरला माझ्या ओळखीचा एक मुलगा हेच काम करतो. त्याच्या खोलीत मी एक पूर्ण दिवस बसले होते.

साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे ८६ मीटर फीत असते, चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसलेली. चाळीस वर्षं ती कुणाच्या तरी कपाटात, फडताळात, पत्र्याखाली पडलेली. खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरे तंतू, म्हणजे बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घातली तर हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही बुरशी लागते. त्याने आधी तोंडाला फडकं बांधून, गच्चीवर बसून मऊ ब्रशने ती झाडली. मग कवचाचे पाच स्क्रू काढले. आत फितीला हेडवर दाबून धरणारी नखाएवढी लोकरीची गादी असते, तिचा डिंक सुटून ती गळून पडलेली. त्याने फितीची दोन्ही चाकं तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली. श्वास धरून करायचं काम आहे ते, एक वेढा सुटला की झालं.

मग लावली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. ज्या यंत्रावर ती भरली होती त्याचं हेड जरा तिरकं असणार, म्हणून आपल्या यंत्राचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागतं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो त्याने केसभर फिरवला, थांबला, ऐकलं, पुन्हा केसभर. एका जागी आल्यावर 'स' आणि 'श' सुटे झाले, टाळ वेगळे ऐकू यायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. अण्णांच्या दुकानात हजारो कॅसेटी भरल्या, पण असं कधी कुणी केलं नव्हतं.

आणि तरी गाण्यात काहीतरी खटकत होतं. बाजू संपत आली तसा गाणारा घाईला आल्यासारखा आणि आवाज पातळ. तो मुलगा म्हणाला, "सेल." गावात वीज नव्हती, टेपरेकॉर्डर सेलवर चालला. भरता भरता सेल उतरत गेले, फीत सावकाश सरकली. आता ती योग्य वेगात लावली की आवाज चढत जातो. मग खरा सूर कोणता हे कसं कळणार? पेटीवरून. माणूस चढेल-उतरेल, संबळ-ढोलकी उतरेल, पेटीची स्वरपट्टी एका बैठकीत बदलत नाही. पहिल्या गाण्यात पेटीची जी पट्टी तीच शेवटच्या गाण्यात यायला हवी, त्या हिशोबाने त्याने वेग मिनिटामिनिटाला दुरुस्त केला. अर्ध्या तासाची एक बाजू, दोन दिवस लागले. एका ठिकाणी मूळ कॅसेटवर कुणीतरी क्रिकेटचं समालोचन भरून ठेवलं होतं, तेवढा तुकडा दुसऱ्या गावात सापडलेल्या प्रतीवरून घेतला.

हे ऐकताना मला पैठणचे नाथ आठवले. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जात होत्या, कुणाचं अक्षर गळलं, कुणी मधेच आपली ओवी घुसवली. नाथांनी ठिकठिकाणच्या प्रती जमवून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी, पण त्यात स्वतःचं काही घातलं नाही. उलट बजावून ठेवलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. जुना आवाज साफ करणाऱ्याचं काम तेच आहे. धूळ काढायची, पण आपलं काही मिसळायचं नाही. पुण्याच्या मुलांनी पेटीखाली नवा बेस किंवा ढोलकीवर डीजेचा ठोका घातलेला नाही. मी कान देऊन ऐकलंय.

आता तुमच्या मुख्य म्हणण्याकडे येते, गाणी समाजाची आहेत. आहेतच. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाल्यापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षं, मराठवाड्यात ही गाणी कशी गायली गेली ते तुमच्या मामांना विचारा. घरं जळाली, माणसं गेली, आणि त्याच वस्त्यांत रात्री ढोलकी लागायची. कोणत्याही कंपनीने ती गाणी जिवंत ठेवली नाहीत, लोकांनी ठेवली, आणि हातोहात भरलेल्या कॅसेटींनी ठेवली. यात आमच्या दुकानाचाही वाटा होता, हे मी नाकारत नाही. नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटसमोर आजही गाण्यांचे स्टॉल लागतात, पूर्वी कॅसेटी होत्या, आता पेनड्राइव्ह. गाणं फुकट वाटणं हा मुळात गुन्हा आहे असं मला वाटत नाही.

पण समाजाची म्हणजे बिननावाची नव्हे. आपल्या गाण्याची रीतच बघा ना. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. नरसीच्या नामदेवांपासून 'नामा म्हणे' चालत आलंय, नाथांनी 'एका जनार्दनी' लिहिलं, भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो. ज्याला छापील कागद मिळणार नाही, ज्याचं नाव कुणी लिहून ठेवणार नाही, त्याने ते गाण्यातच शिवून ठेवलं. आणि आपण स्टेटसला टाकायला तीस सेकंदांचा तुकडा काढतो तेव्हा काय कापलं जातं? नेमकं तेच कडवं. तुमच्या चॅनेलवर मी सहा तुकडे पाहिले, सहाही ध्रुवपदापाशी संपतात. मी आठवीत असताना स्केचपेनने जे केलं तेच हे.

फुकट आणि तरीही नीट कसं असतं ते बघायचं असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या भरून घेतल्या. आता 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या इंटरनेटवर खुल्या ठेवल्यात. कुणीही ऐकावं, एक पैसा लागत नाही. पण प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव, तालुका, जिल्हा आहे, कित्येक ठिकाणी फोटो आहे. त्या बायांना ठाऊक होतं की कोण भरून घेतंय आणि कशासाठी. तिथे देणाऱ्याने दिलंय. तुमच्या फाइलच्या बाबतीत देणारे तुम्ही नव्हतात. ती तीन घरांची आणि त्या दोघांची होती, आणि त्यांनी तिला किंमत लावली होती.

साडेतीनशे रुपये जड आहेत हे मला कळतं. तरी हिशोब करा. समजा, ३०० प्रती गेल्या, तर होतात एक लाख पाच हजार. अर्धे तीन घरांना, म्हणजे घरटी साडेसतरा हजार. उरलेल्यात प्रवास, यंत्रं, पुस्तिका, पैसे भरून घेणाऱ्या कंपनीचं कमिशन, आणि दोन माणसांचे कित्येक महिने. तेही ३०० गेल्या तर. त्यांच्या ४१ गेल्यात आणि तुमच्याकडून दोन हजार. त्या दोन हजारांतला प्रत्येक जण विकत घेणारा होता असं मी म्हणत नाही, बहुतेकांनी घेतली नसती. पण शंभरांनी घेतली असती तर पुढची कॅसेट निघाली असती. मोठ्या कंपनीचं एखादं सिनेगीत कुणी उतरवून घेतलं तर ती कंपनी काही बंद पडत नाही. ते बरोबर ठरत नाही, पण दोन्हींना एकाच तराजूत घालू नका. इथे मागे कुणी उभं नाही.

जगात हे काम करणाऱ्या बऱ्याच छोट्या कंपन्या आहेत, जुनं, हरवलेलं शोधून पुन्हा काढणाऱ्या. त्यातली एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण ती सुरू तुमच्यासारखीच झाली. ब्रायन शिमकोविट्झ नावाच्या अमेरिकन तरुणाने आफ्रिकेत बाजारातून कॅसेटी जमवल्या आणि २००६ पासून त्या इंटरनेटवर फुकट टाकायला लागला. लोकांना वेड लागलं. पाच वर्षांनी त्याने ठरवलं की गाणाऱ्यांना शोधायचं, रीतसर करार करायचा आणि नफा निम्मा-निम्मा वाटायचा. २०११ साली त्याने आपल्या त्या ब्लॉगच्याच नावाने कंपनी काढली, 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका'. इथिओपियात त्याला हायलू मर्गिया यांची १९८५ ची एक कॅसेट सापडली होती. माणूस शोधला तर निघाला अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवणारा. डिकीत कीबोर्ड ठेवायचे आणि भाडं मिळेपर्यंत मागच्या सीटवर बसून रियाज करायचे. २०१३ साली ती कॅसेट पुन्हा निघाली आणि मर्गिया पुन्हा मंचावर आले, देशोदेशी कार्यक्रम केले, २०१८ साली नवीन संगीत काढलं. फुकट टाकल्याने लोकांना त्या आवाजाची ओळख झाली, हे खरं. पण टॅक्सीतून मंचावर आणलं ते फोन करून, हिशोब ठेवून, वाटा देऊन.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांची १९८२ ची तबकडी, कॅनडात ध्वनिमुद्रित, सरोदला आशिष खान. तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे इंटरनेटवर ती हजारो लोक ऐकत होते, जुन्या प्रती परदेशात महाग विकल्या जात होत्या, आणि खुद्द बाईंना त्याचा पत्ता नव्हता. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २०१९ साली ती रीतसर पुन्हा काढली.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६४ साली निघालेली तबकडी २०२५ च्या १ जानेवारीला मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ऐंशीच्या दशकातली कोणतीच कॅसेट अजून मोकळी नाही. आणि मुद्रणाचा मालक कायद्याने ते करवून घेणारा निर्माता धरतात, गाणारा नव्हे. गाणाऱ्याचा हक्क निराळा आणि बऱ्याच नंतर बळकट झाला. घरी ऐकायला स्वतःच्या कॅसेटची प्रत करून ठेवली तर खासगी वापर म्हणून सवलत आहे. ती चॅनेलवर टाकणं त्यात बसत नाही. जाणूनबुजून हक्क मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लागू शकतो. त्या मुलाने तुम्हाला हे ऐकवलं नाही, "काढाल का" म्हणून विचारलं.

"गाणाऱ्यांना तेव्हाही काही मिळालं नव्हतं," हे तुम्ही लिहिलंत. खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यावरून आताही मिळू नये असं कसं निघतं? तेव्हा बुडालेले पैसे निदान नातवंडांपर्यंत पोचवायची पहिली वाट कुणीतरी काढली, आणि तीच तुम्ही बुजवताय. तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारात उभा आहे.

म्हणून काय करायचं? चॅनेल बंद करू नका. दोन हजार लोक चार दिवसांत एका भीमगीतांच्या कॅसेटवर तुटून पडले, ही ताकद त्या दोन मुलांकडे नाही. फाइल होती त्या जागी दोन गाण्यांचे दुवे टाका, त्यांना विचारून, आणि कुठे मिळते ते लिहा. झालं ते लपवू नका, "ही मी न विचारता टाकली होती, ज्यांना आवडली त्यांनी घ्या," असं सरळ लिहा. आपली माणसं अशा शब्दाला मान देतात. एक प्रत स्वतः घ्या. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी एक प्रत वस्तीतल्या विहाराला घ्या आणि त्या दोघांना विचारून पौर्णिमेला सगळ्यांना एकत्र ऐकवा. मला वाटतं ते आनंदाने हो म्हणतील. जमल्यास त्यांनाच बोलवा. आणि पुस्तिकेतल्या त्या दोन गाण्यांचे कवी कोण, हे ऐकणाऱ्यांतल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असण्याची शक्यता पुण्यापेक्षा सेलूत जास्त आहे.

अकरा हजार गाण्यांचं एका बैठकीत होणार नाही. जे आज कुणी रीतसर विकतंय, विशेषतः असे एकटेदुकटे लोक, ते चॅनेलवरून उतरवा. सिनेमातलं, मोठ्या कंपन्यांचं तर त्यांनीच यूट्यूबवर ठेवलेलं असतं, त्याचा दुवा द्या, तुमच्या डिस्कची गरज नाही. उरतं ते खरं धन, कुठेच न मिळणारं, ज्याचा धनी कोण ते कळत नाही. ते माझ्या मते जपून ठेवलंच पाहिजे. पण प्रत्येक फाइलला नाव, गाव, साल, कुणाकडून मिळाली, हे लिहा, आणि गाणाऱ्याच्या घराचा शोध लागेपर्यंत ते सगळ्यांपुढे ओतू नका. सेलू-पाथरी-मानवत भागात तुम्ही चार रविवार फिरलात तर कित्येक घरं सापडतील.

आणि हो, प्रत्येक पुन्हा काढणारा साधूच असतो असंही समजू नका. काही जण मूळ माणसाला पत्ताही न लागू देता तबकडी छापतात, वर 'दुर्मीळ' लिहून किंमत लावतात. पुस्तिकेत नावं नसतील, वाट्याचा उल्लेख नसेल, तर बेधडक विचारा, घरच्यांशी बोललात का, काय ठरलं? ज्याने नीट केलंय तो रागावणार नाही.

मामांच्या गोणीचं सांगते, कारण तिथे उशीर चालणार नाही. पाऊस लागायच्या आधी ती माळ्यावरून खाली काढा, पत्र्याची उष्णता आणि ओल दोन्ही फितीला मारतात. ऊन दाखवू नका, सावलीत, हवेशीर जागी एकेक उभी ठेवा, स्पीकर आणि टीव्हीपासून लांब. पांढरी बुरशी दिसली ती वेगळ्या डब्यात, आणि ती काहीही झालं तरी टेपमध्ये घालून बघू नका. कागद असेल त्याचा मोबाइलने फोटो घ्या, मागच्या बाजूचासुद्धा, तिथे पेनाने काहीबाही लिहिलेलं असतं. मामांना शेजारी बसवा आणि ते एकेका कॅसेटबद्दल जे बोलतील ते भरून घ्या, कोण, कुठलं, कुणाच्या लग्नात. आणि प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन बारीक टिकल्या असतात, त्या स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही कुणाला दुसरं काही भरता येणार नाही.